गाजलेल्या निकालातली आत्या

गल्लीतले सगळे तिला आत्या म्हणायचे. कपडे शिवायची, फटकळ बोलायची, मापात कधी चुकायची नाही. वकील मंडळींना मात्र ती वेगळ्याच कारणाने ठाऊक. आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या मुलीला त्यांच्या घरातून बाहेर काढता येत नाही, हा राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल तिच्याच खटल्यातला. समोर होता सख्खा धाकटा भाऊ. ती जिंकली, आणि त्या दिवसापासून भावाने तिचं तोंड पाहिलं नाही. लोक म्हणायचे, काय नशीब काढलंय बाईने, आख्खं घर मिळालं. मिळालं की! पण त्यात बोलायला कोण, भिंती? मी शेजारीण, मला विचारा. मशीन थांबलं की त्या घरातून हूं की चूं ऐकू यायचं नाही.

यंदा त्या कोर्टाने इतक्या वर्षांतल्या गाजलेल्या निकालांचा समारंभ ठरवला. आमंत्रण दोन्ही पक्षांना होतं.

"त्यालाही गेलं असेल ना गं?" आत्या उठताबसता विचारायची. "आला तर मीच आधी बोलणार. या वयात कसला आलाय मान."

नुसता जीव टांगणीला लागला होता तिचा. तिला एकटं कसं सोडणार, म्हणून मीही गेले.

तिथे खटला पुकारतात तसंच पक्षकारांना पुकारत होते. नदीत घाण सोडणाऱ्या कारखान्याचा खटला झाला. बाळंतपणात कामावरून काढलेली नर्स आणि तिचा तेव्हाचा साहेब, दोघांनी हसत हात मिळवले. वकिलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय जातंय?

मग आत्याचं नाव आलं. "हजर," ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली की मागचे हसले. नंतर भावाचं नाव. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. पक्षकार दिसला नाही तर तिसऱ्यांदा पुकारायची तिथली रीतच आहे. तिसऱ्या पुकाऱ्याला मागून एक तरुण मुलगी उठली.

"मयत," ती म्हणाली. "वारस हजर."

कोर्टात असंच सांगतात, पोरीचं काही चुकलं नाही. पण आत्याने माझा हात असा आवळला की बोटं ठणकली. मला तर त्या समारंभवाल्यांचाच संताप आला.

कार्यक्रम संपल्यावर आत्या भाचीपाशी गेली. नाकडोळे थेट बापाचे.

"कधी गेला?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला कळवायचं होतं मला. पण तुमचं घर कुठे आहे ते बाबांनी कधी सांगितलंच नाही."

"माझं घर?" आत्या म्हणाली. "अगं, तो जन्मला तिथे. किल्ली होती त्याच्याकडे. मी अजून कुलूपसुद्धा बदललेलं नाही."