निरोप नेणारं, पण न वाचणारं यंत्र

मंडळी, आज दुपारी लेकीच्या, मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात गेले होते. नेटवर्कवरचा मजकूर इतरांना वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करणाऱ्या नव्या यंत्रावर तिचं काम चाललं होतं. यंत्राने कोणत्या घटनांची नोंद ठेवायची, ते ती निवडत होती. कोणी लॉगिन केलं, लाइन कधी तुटली, असं.

"निरोपात काय लिहिलं, तेबी नोंदवते का वं हे?"

"नाही आई. हे ते वाचत नाही, नुसतं सांकेतिक करून पुढे धाडते."

मी थक्क झाले. ऐंशीच्या दशकात मी याच शहरातल्या तारघरात टेलिप्रिंटरवर कामाला होते. प्रत्येक तार माझ्या डोळ्यांखालून जायची. एकदा शेजारच्या सुमनताईंचा भाऊ गेल्याची तार आली. ड्यूटी संपवून घरी आले, तर तारवाला अजून पोहोचला नव्हता. ताई ओट्यावर संत्रं सोलत होत्या.

"बस वं, खाऊन पाह्य. काटोलचं आहे."

तारेतली बातमी आपण सांगायची नाही, हा तारघराचा नियम. मी फोड तोंडात टाकली आणि तारवाल्याची सायकल येईपर्यंत त्यांना चिकटून बसले.

आणि हे एवढंसं यंत्र हजारो घरांचे निरोप पोचवतं, एकाही घराचं दुःख न जाणता. कितीतरी वेळ मी त्याच्याकडे बघत राहिले.

तुमच्यापैकी कोणी दुसऱ्याची बातमी अशी पोटात ठेवून त्याच्याशेजारी बसलंय का?