काळी फाक

आमच्या बल्लारपूरच्या चर्चच्या मंडळीत वेळेच्या सदुपयोगावर बोलायचं म्हटलं की मलाच उभं करायचे. शाळामास्तरीण ना मी! ड्रॉइंगशीटवर हे मोठं घड्याळ काढलेलं आणि त्याच्या रंगीत फाका पाडलेल्या. प्रार्थनेची निळी, नोकरीची पिवळी, सेवेची हिरवी. आणि एक काळी. "ही बघा, ही ओट्यावर बसून गप्पा हाणायची फाक," मी महिला मंडळात बोट नाचवत सांगायचे. "देवानं दिलेला वेळ आहे बायांनो, जाब द्यावा लागणार!" बाया ओशाळून हसायच्या. मला त्या हसण्याची चटकच लागली होती.

माझे बाबा मूळचे सिरोंच्याकडचे, तेलुगू बोलणारे. सगळी उमर त्यांनी इकडे कोळशाच्या खाणीत काढली. आई चंद्रपूरची, मराठी. शाळेत पोरं चिडवतील म्हणून बाबांनी घरात तेलुगूचा एक शब्द येऊ दिला नाही. आई गेल्यावर ते गोदावरीकाठच्या गावी धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे राहायला गेले. दर रविवारी उपासना सुटली की तिथून त्यांचा फोन यायचा.

"येऊन राह्यली का माय?"

"येते ना बाबा. हा महिना जाऊ द्या."

"मले तुले एक सांगायचं आहे."

"मग सांगा ना!"

"फोनवर नाई. आठ दिवस सवडीनं ये. ओट्यावर बसून सांगीन."

ओट्यावर! म्हणजे नेमकी माझी काळी फाक.

तीन वर्षं हे असंच चाललं. नाताळात कॅरलची प्रॅक्टिस. मग उपवासकाळातल्या प्रार्थना. मे महिन्यात मुलांची बायबल शाळा. पावसाळ्यात रस्त्याचं निमित्त तर आयतंच होतं. एकदा मी जरा जोरातच बोलले, "बाबा, देवाचं काम आहे, मी काय इथं सिनेमे बघून राह्यली का?" बाबा म्हणाले, "बरं बरं. देवाचं काम आधी." लाज वाटते सांगायला, पण फोन ठेवून मी खूश झाले होते. बाप असावा तर असा समजूतदार!

पुढं ते फोनवर बोलता बोलता तेलुगूत घसरायला लागले. मी "हो हो" करून ठेवून द्यायचे. शेवटी आत्याचाच फोन आला. "अण्णा मराठी विसरून राह्यला. मले ओळखते कधी, कधी नाई. ये बाई आता." डॉक्टर म्हणे बोलले होते, डोक्यात मागून आलेलं आधी जातं. मराठी त्यांच्या डोक्यात मागून आली होती. मी पण.

मी रजा टाकली, आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यानं दिवसभर हाडं खिळखिळी करून घेतली आणि संध्याकाळी पोचले. बाबा ओट्यावर बाजेवर बसले होते, वाळून पार काटकी झालेले. "बाबा, मी आली ना," म्हटलं. परकी बाई आल्यावर माणूस सरकून जागा देतो तशी त्यांनी जागा दिली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले. त्यातला एकच शब्द मला कळला. पनि.

मी धावत आत गेले, माठातलं पाणी आणलं. त्यांनी गिलास बाजूला सारला. पुन्हा म्हणाले, पनि. वाटलं, कोमट पाहिजे असेल. कोमट आणलं, तेही सारलं. तिसऱ्यांदा मी गिलास ओठांनाच लावला तर पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं आणि ते घाबरून माझ्याकडे बघायला लागले. माझा बाप मला घाबरला!

आत्या चुलीपासून उठून आली आणि तिनं माझ्या हातातला गिलास काढून घेतला. "पाणी नाई मागून राह्यला तो. आमच्यात पनि म्हणजे काम. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याइले सांगते, माझी बिड्ड येणार नाई, तिले देवाचं काम आहे."

बिड्ड म्हणजे लेक, हे तिनं सांगायची गरज नव्हती. मी तिथंच ओट्यावर बसून ढसाढसा रडले.

"त्यांना मला काय सांगायचं होतं गं आत्या?"

"मले कुठी सांगितलं! बिड्डेलेच सांगीन म्हणे. आता त्यालेच याद नाई."

आठ दिवस राहिले, बाबांनी मागितले होते तेवढेच. दिवसभर त्यांच्याजवळ बसायचे, दुसरं काही करायला नव्हतंच. प्रार्थनेला डोळे मिटले की ते मेलं घड्याळ समोर यायचं आणि शब्दच फुटायचा नाही. आमचे पाळक फोनवर म्हणाले, बाई, वाया गेलेली वर्षं देव भरून देतो. मी हो म्हटलं. देव क्षमा करतो यावर माझा अजून विश्वास आहे. पण बाबांच्या तोंडून ऐकायचं राहिलं ते तो कुठून भरून देणार? त्याला माहीत असेल, पण मला तर तो सांगत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं. बिड्ड, देवुडु, पनि. माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांचा हात धरला. "मले काईच काम नाई बाबा. रिकामी आहे मी. सांगा ना आता!" ही बाई काय म्हणते, असं त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं तेलुगूत सांगितलं, हिला काही काम नाही म्हणते. बाबांनी हळूच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पापम्."

मी दचकलेच. आत्या घाईघाईनं म्हणाली, "अवं माय, तसं नाई. तेलुगूत पापम् म्हणजे बिचारी. बिचारी म्हणून राह्यला तो तुले."

असेल. पण बसमध्ये पार आलापल्लीपर्यंत मला ते मराठीतच ऐकू येत होतं.