टाकळ्याच्या दोन जुड्या

२००१ साली मी शाळेतली नोकरी सांभाळून एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत होतो. तिच्यातल्या सरदाराला विष घालून मारायचं होतं आणि ते वाचकाला खरं वाटायला हवं होतं. रत्नागिरीच्या वाचनालयात मनासारखं काही सापडेना. शेवटी पालीच्या बाजारात रानभाज्या विकणाऱ्या एका म्हातारीला गाठलं. तिला रानातलं पान न् पान ठाऊक आहे, असं ऐकलं होतं.

ती टाकळा निवडत बसली होती. किडकं पान बोटांनाच कळायचं. ते ती न बघता मागे टाकायची. मी कादंबरीचं सांगून विचारलं, "सरदाराला कुठलं विष देऊ?"

"कुठलाय द्या, मास्तर. तो कोणाच्या हातचा बिनघोर जेवतो, ते आधी ठरवा."

मी खूश होऊन वाक्य वहीत उतरवलं आणि तिला हे कसं सुचलं, म्हणून विचारलं.

"माझा नवरा माझ्या हातचा जेवला नि पहाटे गेला. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडला. गावाला पटला नाय. वीस वर्षं माझ्या घरी कोण पाणी पीत नाय." तिची बोटं चालूच होती. "बाजारात भाजी मात्र सगळी खपते. इथे मला कोण वळखतो?"

मी वही मिटली आणि दोन जुड्या घेतल्या.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिला म्हातारीची फार दया आली. जेवायला तिने बटाट्याची भाजी केली. टाकळ्याचं मीही विचारलं नाही.