कोल्हापुरात गाण्याजोगे घर शोधताना

हातकणंगले मागे पडले आणि डब्यातल्या माणसांनी आपापली बोचकी आवरायला घेतली. रात्रभर बसून अंग आंबून गेले होते. खिडकीबाहेर पौषातले फिके ऊन नुकतेच पडू लागले होते. उसाच्या फडांवर धुके होते आणि त्यातून एकेका गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चढत होता. समोर बसलेले पटकेवाले गृहस्थ मिरजेपासून माझ्याशी बोलू पाहत होते. मी स्वभावाने अबोल, त्यामुळे नुसते हुंकार देऊन वेळ काढत होतो. शेवटी त्यांनी सरळच विचारले.

"पावणं, कोल्हापुरात कुणाकडं?"

"कोणाकडे नाही. घर पाहायला चाललो आहे."

"लेकीसाठी?"

"नाही. पत्नीसाठी."

गृहस्थांनी पटका मागे सारून मला नीट न्याहाळले. घर पाहणे म्हणजे लेकीला द्यायचे सासर पाहणे, एवढाच अर्थ त्यांच्या मनात होता, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. मला दगडामातीचे, विकत मिळणारे घर पाहायचे आहे, असा मी घाईघाईने खुलासा केला.

"मंग आसं सांगा की! मी म्हटलं, बायकूला कुटं द्यायला निघालाय!"

सारा डबा हसला. पंचगंगेचा पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत बसलो.

माझे काम थोडक्यात सांगायला हवे. माझी पत्नी सुमती हिने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गाणे शिकायला घेतले. कोल्हापुरातल्या एका वृद्ध बुवांनी तिला शिकवायचे कबूल केले, ते दोन अटींवर. तिने याच गावात राहायचे, आणि रोज पहाटे दोन तास स्वर लावून मगच त्यांच्याकडे जायचे. पुण्यात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. तिथल्या मालकांनी पहाटेच्या गाण्याबद्दल दोनदा समज दिली होती. मी गणिताचा शिक्षक; कोल्हापूरच्या एका शाळेत मला जागा मिळत होती. राहता राहिले घर. संस्थान विलीन झाल्यापासून कोल्हापुरात जुनी, नामांकित घरे विक्रीस निघाली आहेत असे कानावर होते. त्यांतले एखादे असे शोधायचे, की ज्यात सुमतीला पहाटे गाता येईल. सुमती म्हणाली होती, "तुम्ही पाहून या, मग ठरवू." प्रवासाविषयी मी यापूर्वी कधी काही लिहिलेले नाही, तेव्हा जे पाहिले ते क्रमाने मांडतो.

स्टेशनवर तात्या न्यायला आले होते. हे मूळचे म्हशींचे दलाल. अलीकडे म्हशींपेक्षा घरेच अधिक विक्रीला येत असल्यामुळे ते दोन्ही पाहत. उंच, घोगऱ्या आवाजाचे आणि पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. त्यांनी मला आधी गंगावेशीत नेले. तिथे रस्त्यातच म्हशी उभ्या करून समोर धार काढतात आणि तोच फेसाळ पेला गिऱ्हाईकाच्या हातात देतात. याला धारोष्ण म्हणतात.

"हाणा. घसा कसा मोकळा व्हतोय बगा."

घसा मोकळा न होता चिकटला. वर दुपारी खानावळीत तांबडा रस्सा (मिरचीचा मटणाचा रस्सा) पुढे आला, तो मी भिडेखातर संपवला. त्यातून जी उचकी लागली ती तशीच घेऊन आम्ही रंकाळ्याकडे निघालो.

पहिले घर एका सरदारांचा बंगला. सरदार मुंबईत राहतात. कारभाऱ्यांनी दार उघडले. दार म्हणजे तीन-चार पुरुष एकावर एक उभे राहावेत एवढी कमान.

"एवढी उंच कशासाठी?" मी विचारले.

"अंबारीसकट हत्ती आत यावा म्हणून."

"येत असे का?"

"हत्ती घ्यायचा राहून गेला," कारभारी गंभीरपणे म्हणाले.

मालकांनी प्रवासात जे जे पाहिले ते ते इथे बांधून घेतले होते. पुढे विलायती देवळासारखे टोकदार झरोके होते, मध्ये आपल्याकडचा चौक आणि मागे राजपुतान्यातल्यासारखा जाळीदार सज्जा. सागवानी जिना इतका सुंदर, की त्याच्या कठड्यावरून हात काढवेना. पण स्वयंपाकघरापासून जेवणघरापर्यंत जायला अख्खा चौक ओलांडावा लागे; पावसाळ्यात आमटी छत्रीतून न्यावी लागत असणार. माजघरात उन्हाचा कवडसा म्हणून नव्हता. प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर डौलदार होता. एकत्र मात्र ते परक्या गावच्या लग्नात भेटलेल्या पाहुण्यांसारखे, एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

तात्यांनी भिंतीवर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. "दगूड टणक हाय. आता मी भाईर जाऊन हुबा ऱ्हातो. तुमी काय तरी मोठ्यानं म्हणा."

आवाज बाहेर किती जातो हे पाहायची ही युक्ती त्यांचीच. मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिलो, तोंड उघडले आणि नेमकी उचकी आली. छताने ती उचकी तीनदा परत केली. कारभाऱ्यांनी मान खाली घातली. मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. इथे गाणारणीला आपलाच मागचा स्वर पुढच्या स्वरात मिसळलेला ऐकू येईल, आणि शिवाय झाडायला चार माणसे लागतील, असे मी तात्यांना सांगितले.

"मंग ही खोड त्येंच्या म्होरं काडायची की! मुकाट जिना कुरवाळत बसलासा. कवतिक करणारा च्या पिऊन जातो, नावं ठेवणारा घेतो, हे त्येनला ठावं असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रवार पेठेत गेलो. हे घर एका बुडालेल्या नाटक मंडळींचे. मंडळींचे मालक तळमजल्यावर तालमी घेत आणि वर राहत. त्यामुळे बैठकीची खोली म्हणजे चक्क रंगमंच होता. जमीन फळ्यांची, कमरेएवढी उंच, आणि चालताना पोकळ वाजणारी. समोरची भिंत घडीच्या फळ्यांची. त्या दुमडल्या की सगळी खोली गल्लीला उघडी पडे. डाव्या भिंतीवर तीन खिडक्या होत्या. मी वाऱ्यासाठी एक उघडायला गेलो, तेव्हा ती रंगवलेली निघाली. कोणा पडदे रंगवणाऱ्याने तीत दूरचा समुद्रही काढला होता. मागच्या बाजूला एक जिना आठ पायऱ्या चढून भिंतीला टेकत होता. राजाने वर महालात निघून गेल्यासारखे दाखवायचे आणि तिथेच बसून राहायचे, अशी ती सोय. परडे (घरामागची मोकळी जागा) चांगले होते, विहिरीला पाणी होते. बाकी घर म्हणजे देखावा. कोपऱ्यावर पैलवानांची तालीम होती आणि तिथला शड्डूचा आवाज खोलीत बसल्यासारखा ऐकू येत होता.

"म्हणा आता," तात्या गल्लीतून ओरडले.

काय म्हणावे ते सुचेना. गाणे मला येत नाही. वीस वर्षे वर्गात जे म्हटले तेवढेच तोंडात होते. मी सुरुवात केली, "एकोणीस एके एकोणीस."

"काय सुदिक ऐकू येत न्हाय! तालमीतली पोरं दंड काढत्यात. जोरात!"

"एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर..."

तालमीतला शड्डू थांबला. तीन-चार उघडी अंगे दारात येऊन उभी राहिली. माझा पाढा तिथेच अडला.

समोरच्या ओट्यावर एक पन्नाशीची बाई सुपात जोंधळे पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "एकोणीस पाचे पंच्याण्णव! म्होरलं इसारलासा व्हय मास्तर?"

पैलवान खो-खो हसले. तात्याही हसले.

"शाळा घालताय व्हय हितं?" बाईने विचारले.

"नाही. माझी पत्नी गाणं शिकणार आहे. पहाटे गाईल. आपल्याला त्रास होईल का, तेवढंच पाहत होतो."

"त्रास? ह्ये रेडं पाटंपासनं हुंकार घालत्यात त्येचा व्हईना, तर बाईमाणसाच्या गाण्याचा व्हतोय?"

"ए मावशे, रेडं कुणाला म्हणतीस गं?" तालमीच्या दारातून एकजण ओरडला.

"तुलाच की रं!" असे म्हणून ती पुन्हा माझ्याकडे वळली. "पर मी म्हणते, गाणार ती, तर तिलाच आणायची. तुमी कशापायी घसा फोडून घेतासा?"

"कामात आहे," असे काहीतरी पुटपुटून मी रंगमंचावरून उतरलो, तो फळी चुकून एक पाय खालच्या पोकळीत गेला. धोतर फाटले. दोघा पैलवानांनी मला बगलेत धरून उचलले आणि गल्लीत नेऊन ठेवले. तात्यांना मी म्हटले, हे घर नको. जे इथे बोलाल ते सगळी पेठ ऐकेल.

दुपारी कसबा बावड्याच्या वाटेने टांगा केला. तिथले घर बाहेरून काहीच नव्हते: लांबट, बुटके, काळ्या दगडाचे. मालक उस्मानचाचा सत्तरीचे. त्यांचे घराणे संस्थानच्या पदरी चित्तेवान (शिकारीचे चित्ते सांभाळणारे) होते. चित्ते गेले, संस्थानही गेले. आता ते मुलाकडे गडहिंग्लजला राहायला जायचे म्हणत होते.

आत शिरलो आणि बाहेरचा टांग्याच्या घोड्याचा घुंगुर एकदम बंद झाला. भिंती दोन हात जाड होत्या. खिडक्या उंचावर आणि लहान, त्यामुळे उजेड वरून, शांतपणे येत होता. जमीन गारेगार, फरशी झिजून तुकतुकीत. भिंतीत एक लोखंडी कडी होती. तिच्याजवळ दगडाचा कोपरा गुडघ्याएवढ्या उंचीवर गुळगुळीत झाला होता.

"हितं त्यो अंग घासायचा," चाचा म्हणाले. ते इतके हळू बोलले, की मी नकळत एक पाऊल पुढे सरकलो. "बाजेवर निजायचा. डोळ्यांवर चामड्याची टोपी. आमची पोरं त्येच्याच शेजारी झोपायची."

"भीती नव्हती वाटत?"

"त्योच भ्यायचा साहेब. नवा आला की बाजारात फिरवून माणसाळवायचं. पर घर म्हंजे त्येची निजायची जागा. हितं आवाज चढवायचा न्हाई. तीन पिढ्या या घरात मोठ्यानं बोलायची चाल न्हाई. आमच्या आईनं कधी भांडण क्येलं तर परड्यात जाऊन क्येलं."

चाचांच्या सूनबाईंनी चहा आणला. कप ठेवल्याचाही आवाज झाला नाही. दोष शोधायचे म्हणून मी शोधले. ओल होती; न्हाणी अगदी दाराशी होती; उंच माणसाला चौकटीत वाकावे लागे. पण ते मी मनातल्या मनात, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या सवयी मोजाव्यात तसे मोजले. या घरात मला कोणीही मोठ्याने बोल म्हणणार नव्हते.

तात्या बाहेर जाऊन उभे राहिले. मी आत चाचांशी चित्त्याच्या खाण्यापिण्याविषयी बोललो. थोड्या वेळाने तात्या आनंदाने आत आले.

"कायबी ऐकू आलं न्हाय! ह्येच घर. इसार (सौदा पक्का केल्याची खूण) द्या नि मोकळं व्हा."

मी खिशात हात घातलाही. चाचांनीच तो थांबवला. "घरच्यांना दाखवा साहेब. मग द्या." आठ दिवसांत कळवतो असा शब्द देऊन मी उठलो. निघताना त्या गुळगुळीत कोपऱ्यावरून एकदा हात फिरवला.

पुण्याला पोचलो त्या संध्याकाळी सुमती तंबोऱ्याची गवसणी शिवत बसली होती. मी तिन्ही घरे सांगितली. सरदारांच्या बंगल्यातली माझी उचकी ऐकून ती हसली. चित्तेवानाचे घर मी सर्वांत सावकाश सांगितले. भिंतींची जाडी हाताने दाखवली. पहाटे कितीही वेळ गायलीस तरी बाहेर कोणाला पत्ता लागणार नाही, हे दोनदा सांगितले.

"तिथे तुम्ही काय म्हणून पाहिलंत?"

"म्हटलं काही नाही. बोललो."

"मोठ्यानं?"

"तिथे तशी चाल नाही."

तिची सुई थांबली. "कोणाला ऐकू जाणार नाही, याचा तुम्हाला एवढा आनंद का झालाय?"

ती रागावली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी मालकांनी दिलेल्या समजांची आठवण करून दिली. शेजाऱ्यांचा त्रास, लोकांची बोलणी असे पुष्कळ सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"इथं मला गप्प बसवतात म्हणून आपण निघतोय," ती म्हणाली. "तिथं जाऊन मी भिंतीत बसायचं? त्या समोरच्या बाई काय म्हणाल्या ते पुन्हा सांगा."

मी पाढ्यासकट पुन्हा सांगितले. या खेपेला ती इतकी हसली की दोरा निसटला.

"नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही."

"घर बघून आलात आणि शेजारणीचं नाव ठाऊक नाही! तात्यांना कळवा, शनिवारच्या गाडीनं मी येते. त्या फळ्यांवर उभं राहून मीच म्हणून बघेन. आणि चित्तेवानांकडेही जाऊ, पण तिथं तुम्ही फक्त चहा घ्या."

शनिवारची दोन तिकिटे काढली आहेत. नाटकवाल्यांच्या घराचे जे दोष मी वर लिहिले ते सगळे खरे आहेत. त्यांतला एकही मागे घ्यावा असे मला वाटत नाही. उस्मानचाचांना मात्र काय सांगायचे, ते अजून ठरत नाही. त्यांच्या घरात काही उणे होते असे म्हणता येणार नाही. ते घर मला हवे होते, आणि मी ते तिच्यासाठी म्हणून पाहत होतो, एवढेच खरे आहे. पण हे मोठ्याने सांगायला बहुधा त्यांच्या परड्यातच जावे लागेल.