शेवाळाच्या तेलावरचा ट्रक

दि. ४ जुलै २०२४ रोजी तात्यासो मगदूम यांच्या खात्यावर १८,५०० रुपये जमा झाले. कागल एमआयडीसीतल्या एका नव्या कंपनीने ते आगाऊ दिले होते. तिचं जैवइंधन सहा महिने ट्रकमध्ये वापरून पाहायचं आणि तेवढे दिवस माल कंपनीचाच वाहायचा, असं ठरलं होतं.

तात्यासो हातकणंगल्याचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहतुकीत गेली. एकेकाळी तीन ट्रक होते; डिझेलच्या भावाने दोन खाल्ले. उरलेल्याचे हप्ते थकले होते. हे काम टिकलं तर ट्रक राहणार होता, आणि त्यावरचा ड्रायव्हर केरबाही. मी त्यांचे हिशेब बघतो. मलाही बरं वाटलं.

तेल कशाचं, हे कोणी विचारलं नाही. आमच्या भागात असलं इंधन म्हटलं की उसाच्या मळीपलीकडे डोकं जात नाही.

टाकी धुऊन घेतली, जाण्यापुरतं डिझेल टाकलं आणि आम्ही तिघे कागलला गेलो. तिथे हिरव्या पाण्याचे लांबच लांब हौद. तात्यासो काठावरच थांबले. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर पाय पडू नये म्हणून हा माणूस वळसा घालून घराबाहेर पडतो. जैनांत शेवाळाच्या कणाकणात अगणित जीव मानतात.

"हे शेवाळ हाय?"

"हो काका," कंपनीची इंजिनिअर निशा म्हणाली. "तसं डिझेलसुद्धा फार जुन्या शेवाळाचंच की."

"ते आपलं आपण मेलंय, पोरी. हे तुम्ही माझ्या ट्रकासाठी वाढवून मारणार."

केरबा वैतागला. "तात्या, हप्ता भरायला हे जीव येणार हायत व्हय? मी बौद्ध, पंचशील मीबी म्हणतो की. मी तेल भरतो, मीच चालवतो. तुम्ही तिकडं तोंड करून बसा."

"पाप तू करायचं आन् भाडं मी घ्यायचं? लई शाणा हैस."

परतताना केरबानेच विचारलं, "गिऱ्हाईक बघू का गाडीला?"

"बघ. नीट चालवणारा बघ."

ऑगस्टमध्ये ट्रक गेला. बँकेचं फिटलं, हाती फारसं राहिलं नाही. केरबा दुसऱ्या मालकाच्या गाडीवर आहे. तात्यासो घरी असतात. सकाळी वळसा घालून देवळात जातात.

आगाऊ रकमेपैकी १७,८६० रुपये परत केले. टाकी धुण्यात गेलेले ६४० रुपये कंपनीला देणे आहेत.