शुक्रवारचा हार

चेन्नईतलं आमचं सरकारी क्वार्टर एका संशोधन संस्थेच्या आवारात आहे. मागच्या दाराला लागूनच चौशिंग्यांचं कुंपण. चौशिंगा म्हणजे शेळीएवढं, भित्रं हरीण. जंगलात आता फारसं उरलेलं नाही, म्हणून इथे चार सांभाळलीत. चार शिंगांचा थाट फक्त नराला, मादी बिचारी कान टवकारून बघते.

शुक्रवारी मी देवीला मोगऱ्याचा हार घालते. शनिवारी त्याचं निर्माल्य होतं. इथल्या कचऱ्याच्या डब्यात माशांची डोकी. त्यात देवाची फुलं टाकायला हात धजेना, आणि पायदळी आलेलीही चालत नाहीत. मग मी हार कुंपणावरून आत टाकायची. हरणं खातात म्हणून वर पुण्य लागल्यासारखं वाटायचं. मूर्ख बाई!

एका सोमवारी त्यांतली एक गाभण मादी खाईनाशी झाली. तिला त्याच कुंपणात जाळी लावून वेगळं ठेवलं. राखणदार म्हणाला, चौशिंगा रोज ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, आणि तिथे एकही ताजी लेंडी नाही. पोटात काहीतरी अडकलंय, असं डॉक्टरांचं मत. तेव्हा मला आठवलं, इथले हार नायलॉनच्या दोऱ्यात गुंफतात.

मग माझा पाय घरात ठरेना. फोडणी अर्धवट टाकून मागे धावायची, ती जागा बघायची, परत यायची. नवरा म्हणाला, "अगं, तू बघितल्याने ती लेंड्या टाकणार आहे का?" मी त्याच्यावरच खेकसले. खरं सांगायची मात्र हिंमत होईना. शेवटी नोकरी त्याची, याच संस्थेत.

गुरुवारी सकाळी ती गेली. पोटात दोन पाडसं होती आणि दोऱ्याचा एक गुंता.

दुपारी मी राखणदाराला गाठलं आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माहीत आहे, अम्मा," तो म्हणाला. "दर शनिवारी दोरा काढून मीच त्यांना फुलं घालायचो. या शनिवारी बहिणीच्या गावाला गेलो होतो."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

तो कुंपणाची तार चाचपत राहिला. "देवाचं होतं," तो म्हणाला. "टाकू नका, असं कोणत्या तोंडाने सांगू?"