आतून न उघडणारं नाव

तारापूरच्या एमआयडीसीत आमची रसायनांची कंपनी आहे आणि तिच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो. आत वाफा असतात, ठिणगी नको, म्हणून हा नियम. साहेबांच्या फोनमधून मात्र ठिणगी उडत नाही, ती फक्त आमच्यासारख्यांच्याच फोनमधून उडते. मी नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होतो. रोज सकाळी सिक्युरिटीवाला ‘मोबाइल इधर’ म्हणायचा, मी फोन खणात ठेवायचो आणि टोकन खिशात टाकून आत जायचो. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे आणि त्यांची दुखणी माझ्याकडे होती. हुद्दा विचाराल तर कॉम्प्युटरवाला.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टवाल्या होत्या ताई. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, तो हक्क मला उरलेला नाही. त्या सातपाटीच्या. आई अजूनही पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि ताई सात वर्षं आमच्या कंपनीत कागद सांभाळायच्या. कुठल्या दिवशी कुठल्या टाकीत काय शिजलं, तपासणीत काय निघालं, कुणी सही केली, हे सगळं त्यांच्याकडे. आम्ही दोघं पालघरहून कंपनीच्या बसने यायचो. मी खिडकीशी झोपा काढायचो आणि त्या पुढच्या सीटवर बसून दिवसभराच्या कामाचा हिशेब मनात लावायच्या. बस कंपनीच्या अलीकडे सालवडला पोचली की मागे वळून मला उठवायच्या.

त्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की या तपासणीनंतर ऑफिसातल्या एका माणसाला पर्मनंट करायचं आहे, आणि तो एक तुमच्या दोघांपैकीच असेल. असं दोघांना समोरासमोर बसवून सांगायचं काही कारण नव्हतं. पण साहेबांना असल्या गोष्टींची मजा वाटायची. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, “दादा, कोनाचं का होईना, एकाचं तरी होतंय.” मी हो म्हणालो. मनात मात्र माझंच व्हावं असं होतं आणि ते तसं असण्यात मला तेव्हा काही चूकही वाटली नाही.

गिऱ्हाइकाची अट होती, की आमचे कागद त्यांना त्यांच्या देशात बसूनही बघता आले पाहिजेत. आमचे कागद एका फाइल सर्व्हरवर होते. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. ताईंना तो पाठ होता. त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलाही होता. बाहेरच्या लोकांना असला नंबर देऊन चालत नाही. म्हणून मी कंपनीसाठी नंबराऐवजी टाकायचं एक डोमेन नाव घेतलं, नवा फायरवॉल बसवला आणि नाव त्याच्याशी जोडलं.

फायरवॉल म्हणजे आमचा गेटवरचा सिक्युरिटीवालाच. जगात कुणीही ते नाव टाकलं, की त्याला आमच्या गेटचा पत्ता मिळतो. तो गेटवर येतो, सिक्युरिटीवाला त्याला बघतो आणि ‘फाइली हव्यात ना, त्या खोलीत जा’ म्हणून आत सोडतो. एवढंच काम होतं. मी ते दोन आठवडे मन लावून केलं, मला त्याचा अभिमान वाटत होता.

आता चाचणी. नाव बाहेरून चालतं का हे बघायला बाहेरचं इंटरनेट हवं, म्हणजे मोबाइल हवा, आणि मोबाइल गेटवर. म्हणून मी काही बदल केला की गेटवर जायचो, टोकन देऊन फोन घ्यायचो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत नाव उघडून बघायचो. उघडलं की फोन जमा करून पुन्हा आत. घरी पालघरला जाऊनही बघायचो. टपरीवर चाललं, घरी चाललं. दोन आठवड्यांत मी ते नाव शंभर वेळा तरी उघडलं असेल आणि एकदाही आत बसून उघडलं नाही. आत तर सगळे जुना नंबरच वापरत होते.

तपासणी सोमवारी होती. साहेबांचा हुकूम आला, की सगळीकडे आता नवं नावच दिसलं पाहिजे, चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नकोत आणि टेबलावर कागदांचे गठ्ठेही नकोत. ताईंनी प्रत्येक गोष्टीची छापील प्रत ठेवलेली होती. ती कपाटं शनिवारी दुपारी जवळच्या पाम गावातल्या गोडाऊनला गेली. संध्याकाळी मी सर्व्हर नव्या नेटवर्कमध्ये घेतला, त्याचा आतला नंबर बदलला, ताईंच्या कॉम्प्युटरवरचा जुना शॉर्टकट काढला आणि नावाचा नवा टाकला. चिठ्ठीही ओढून काढली.

ताई पर्स घेऊन शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “दादा, आतून उघडतंय ना ते? एकदा इथून दाखवा ना मला.”

सर्व्हर पुन्हा सुरू होत होता, त्याला पाच-सात मिनिटं लागणार होती. बस बरोबर साडेपाचला सुटते आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी थांबत नाही. मी त्यांचा कॉम्प्युटर बंद केला. “ताई, बाहेरून चालतं म्हणजे आतून चालणारच. आत तर आपलंच घर आहे.” तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या, तेव्हा मी जरा चिडूनच म्हणालो, “माझ्या कामावर विश्वास नाही का तुमचा?”

“तसं नाय ओ,” म्हणाल्या आणि निघाल्या. रात्री घरून मी नाव उघडून बघितलं. झकास उघडलं.

सोमवारी पाहुणे आले. एक गोरा, एक मुंबईचा. ताईंना त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, मागे पाहुणे, त्यांच्या मागे साहेब, भिंतीशी मी. मुंबईच्या पाहुण्याने मागच्या वर्षीच्या एका मालाचे कागद मागितले. ताईंनी नाव उघडलं. पांढरा पडदा आला आणि तसाच राहिला. त्यांनी पुन्हा केलं. मग पाठ असलेला जुना नंबर टाकला, तोही गेला होता, कारण तो मीच बदलला होता. नवा नंबर त्या खोलीत फक्त मला माहीत होता.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. आत बसलेल्या माणसाने नाव टाकलं तरी त्याला गेटचाच पत्ता मिळत होता. तो आतून गेटवर जात होता, आणि आतून येऊन पुन्हा आत सोडा म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मी फायरवॉलला सांगितलंच नव्हतं. तो त्याला उभा करून ठेवत होता. फायरवॉलला एक ओळ सांगायची होती, की आतल्या माणसाने हे नाव विचारलं तर थेट आतला नंबर दे. एक ओळ, आणि ती माझ्याकडून राहिली होती.

साहेबांनी मला विचारलं, “सर्व्हर चालू आहे ना रे?”

“चालू आहे, सर.”

ते खोटं नव्हतं. मुंबईच्या पाहुण्याने स्वतःचा लॅपटॉप काढला, आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि नाव टाकलं. पाहुण्यांचे फोन गेटवर जमा होत नाहीत. त्याच्याकडे पान लगेच उघडलं. तो म्हणाला, “इथे तर व्यवस्थित दिसतंय.” सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. मीही बघितलं.

साहेब म्हणाले, “मॅडम, सात वर्षं झाली. एक फाइल उघडता येत नाही?”

ताई कानापर्यंत लाल झाल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. संशयाने नाही. मी मदतीला येईन या आशेने बघत होत्या, ते मी अजून विसरलेलो नाही. एक वाक्य बोलायचं होतं. चूक माझी आहे, नवा नंबर अमुक आहे, तो टाका. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्याच्याबरोबर पर्मनंटचं पत्र जाणार होतं हेही मला दिसत होतं, म्हणून मी ते गिळलं. “एकदा बघून येतो, सर,” म्हणालो आणि सर्व्हरच्या खोलीत गेलो. ओळ टाकायला तीन मिनिटं लागली.

परत आलो तेव्हा ताईंच्या स्क्रीनवर पान उघडलेलं होतं. साहेबांनी विचारलं, “आता कसं उघडलं?” मी खांदे उडवले. साहेब पाहुण्यांकडे बघून हसले, “घाबरल्या असतील.” गोराही हसला. तपासणीत कंपनी पास झाली.

महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्टरने ताईंना सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. मला पत्र मिळालं. घरी पेढे आणले, बायकोने देवापुढे ठेवले. मी साहेबांवर रागावून बघितलं, कॉन्ट्रॅक्टरवर बघितलं, जिने माणसांना असं एकमेकांसमोर बसवलं त्या साऱ्या पद्धतीवर बघितलं. राग खरा आहे आणि त्यात माझं काहीच लपत नाही. मला कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता विचारणार. मी मनात तयारी केली, म्हटलं, विचारलं तर सांगून टाकायचं. त्यांनी खुर्ची ओढली.

“दादा, अभिनंदन,” म्हणाल्या. “एक सांगाल का? बोईसरलाच दुसऱ्या कंपनीत बोलावलंय मला, तिकडंही असाच सर्व्हर हाय म्हणतात. त्या दिवशी माजं काय चुकलं? रोज तेच करते, मग त्या दिवशीच का उघडलं नाय? मला कळंना. तिकडं पुन्हा तसं नको व्हायला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. सांगायला यापेक्षा सोपी वेळ येणार नव्हती. पत्र माझ्या खिशात होतं, ते आता कुणी काढून घेणार नव्हतं.

“तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी माहिती साठलेली होती,” मी म्हणालो. “नवं नाव टाकायच्या आधी ती पुसायची असते. ती पुसायची राहिली तुमच्याकडून.”

“बगा, आनि मी तुमच्यावर शंका घेत होते,” त्या म्हणाल्या. पर्समधून छोटी डायरी काढली, “कशी पुसायची, सांगा,” म्हणाल्या. मी एकेक पायरी सांगत गेलो आणि त्या खाली मान घालून, सुवाच्य अक्षरात, सगळं लिहून घेत गेल्या.